सात थर उघडे

बंधाऱ्याच्या भिंतीचे सात थर उघडे पडले आहेत. कठड्याला रेलून मी ते मोजते आहे. वरचे तीन उन्हाने भाजून पांढुरके झालेले, मधल्या दोनांवर वाळल्या शेवाळाचा पापुद्रा सुटलेला, खालचे दोन अजून ओलसर, काळे. आठव्या थराला पाणी टेकलं आहे. सकाळचे साडेसहा, जूनचा दुसरा आठवडा, आणि माथेरानचं शार्लोट तळं वर्षातल्या सगळ्यात रित्या दिवसांत आहे.

मला ते याच दिवसांत बघायचं असतं. जुलैत तळं भरतं, सांडव्यावरून पाणी कोसळायला लागतं, आणि मग इथे उभं राहायला जागा मिळत नाही. त्या पाण्याखाली भिजायला मुंबईहून, पनवेलहून, पुण्याहून माणसं येतात. ते तळंही देखणंच. पण भरलेलं तळं पोटातलं काही सांगत नाही. आत्ता सगळं उघडं आहे. पाणी मागे सरलंय तिथे चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या आहेत. खाली उतरून मी एक उचलते. तळहाताएवढी, कडा वर वळलेल्या, गोवरीसारखी हलकी. मोडली की आत पदर दिसतात. तांबडा, मग काळपट, पुन्हा तांबडा. तांबडा पदर वाटांवरून वाहून आलेल्या मातीचा, काळपट कुजलेल्या पाल्याचा आणि घोड्यांच्या लिदीचा. नाकाशी धरली तर अजून तबेल्याचा वास येतो.

पिसारनाथाच्या देवळातली घंटा एकदाच वाजते. झाडीत शीळकरी कस्तुर गातो आहे. त्याची शीळ नेहमीसारखीच, एखादा मुलगा सूर लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आहे अशी. पलीकडे प्रबळगडाचा माथा ढगात गेला आहे. हवा जड आहे, पान हलत नाही.

पायऱ्यांवरून एक गृहस्थ खाली येतात. पाण्याच्या कामावर आहेत. त्यांना मी गेली चार-पाच वर्षं जूनमध्ये इथेच बघते आहे. पाण्याच्या कडेला थांबून ते भिंतीकडे बघतात, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी टिपतात, मग माझ्या हातातल्या खपलीकडे बघतात.

"आलात का, ताई? मी म्हटलंच, अजून कशा नाय आल्या."

"किती दिवसांचं आहे?"

"दिवस निघतील. पाऊस लांबला तरी निघतील. पन आता खालचं पानी घ्यावं लागतंय ना, ते गढूळ येतं. तुरटी जास्त, क्लोरीन जास्त. वरचं आनि खालचं पानी एक नसतं."

वरचं आणि खालचं पाणी एक नसतं. हे वाक्य ते दरवर्षी बोलतात आणि दरवर्षी मला ते तितकंच खरं वाटतं. तळाशी गाळ साचत गेला की झडपेशी येणारं पाणी गाळावरून येतं. लिदीतलं, पाल्यातलं खत त्यात उतरतं, शेवाळ वाढतं, ते मरून पुन्हा तळाशी बसतं. भिंत तेवढीच असते, पाण्याची रेघही जुलैत त्याच दगडाला लागते. फक्त त्या रेघेखालचं पाणी दरवर्षी थोडं कमी झालेलं असतं. काठावरून फोटो काढणाऱ्याला ते कळायला वाव नाही.

मी नेरळची. आत्या माथेरानला दिली होती. आतोबा एका पारशी बंगल्यावर माळी होते आणि बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. मे महिन्यात आम्ही मुलं वर यायचो. थंड हवेसाठी आलेल्या पाहुण्यांनी बंगला भरलेला असायचा आणि आत्या सकाळपासून पाण्याच्या मागे. नळ यायचा तेवढ्या वेळात हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, शेवटी आंघोळीचा लोटासुद्धा भरून ठेवायची. भांडी धुतलेलं पाणी अळूच्या वाफ्याला, तांदूळ धुतलेलं गुलाबांना. मी एकदा नळ वाहता सोडून खेळायला पळाले तर तिने मला हाताला धरून इथे, याच काठावर आणून उभं केलं. मारलं नाही. भिंतीकडे बोट करून म्हणाली, "थर मोज." मी मोजले. किती होते ते आठवत नाही. पण मोजायची सवय तेव्हापासूनची.

माथेरानला पाण्याची चणचण, हे खालच्या माणसाला खरं वाटत नाही. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा हा डोंगर. पण त्याची घडणच अशी आहे की तो पाणी धरून ठेवत नाही. माथ्यावर जांभ्याची टोपी, खाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. ते झिरपत पाषाणावर येतं आणि दोन्हींच्या सांध्यातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. हॅरिसन स्प्रिंग, मॅलेट स्प्रिंग ही नावं त्यातूनच आली. दिवाळीपर्यंत झरे भरात असतात, मग बारीक होत जातात, आणि नेमकं गरज पडते तेव्हा मार्च-एप्रिलात त्यांची धार करंगळीएवढी राहते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये खालापूरकडच्या चौकहून डोंगर चढून आले, त्यांना हवा आवडली, आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे बंगल्यांची वस्ती उभी राहिली. हवा, सावली, नजारे सगळं तयार होतं. माणसांना उन्हाळ्यात राहायचं तर पाणी मात्र अडवावं लागणार होतं. ओढ्याच्या वाटेत दगडी बंधारा घालून हे तळं केलं गेलं ते त्यासाठी. आधी पाणी, शोभा नंतर.

डोंगर त्याच्या आधी रिकामा होता असं कुणी समजू नये. ठाकूर, कातकरी, धनगर इथे वावरत होते, आणि पिसारनाथ त्यांचा देव होता. तो आज माथेरानचं ग्रामदैवत आहे. तळ्याच्या काठावर देऊळ आहे असं आपण सहज बोलून जातो. मी ते उलटं म्हणते. तळं देवळाच्या काठावर आलं.

देवळाकडून एक बाई येते. डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पानं. डोंगराच्या पोटातल्या वाडीवरून चढून आली आहे, घोटे तांबड्या धुळीने माखलेले. टोपली उतरवून ती माझ्या शेजारी पायरीवर टेकते.

"बाय, जांभलं घे. कालचीच हायत."

मी द्रोणभर घेते. जांभळं टपोरी आहेत, देठाशी अजून हिरवट. ती पदराने तोंड पुसते आणि पाण्याकडे बघत राहते.

"लय उतरलं," ती म्हणते.

"तुमच्या वाडीत कसं आहे, मावशी?"

"हीर आटली. झऱ्यावर जातो. पोरी पहाटंलाच जातात." मग थोडं थांबून, तक्रारीच्या सुरात नाही, वाट सांगावी तशी सांगते, "पाइप आमच्या आंगावरनंच वर येतो ना."

हा पाइप म्हणजे माथेरानचं दुसरं तळं. नेरळहून छोटी गाडी वर यायला लागली १९०७ मध्ये, सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेल्या दोन फुटी रुळांवरून. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०५ मध्ये इथे नगरपालिका झाली. माणसं वाढली, हॉटेलं वाढली, आणि एका तळ्याच्या भरवशावर गाव चालेनासं झालं. आज नेरळजवळ उल्हास नदीचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने जवळपास आठशे मीटर वर चढवतात. वाटेत जुम्मापट्टी लागतं, मग वॉटर पाईप. छोट्या गाडीच्या एका स्थानकाचं नावच ते आहे, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्या गावांना अशीच नावं असतात.

उन्हाळ्यात उल्हासला पाणी कुठून येतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ती नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. त्या पाण्याची मूळ वाट बंगालच्या उपसागराची. टाटांनी ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला वळवलं, कर्जतजवळच्या भिवपुरीला १९२२ मध्ये त्यावर वीज करायला सुरुवात केली, आणि वीज काढून झालेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यात सोडलं. म्हणून एप्रिल-मेमध्येही ही नदी वाहती असते, आणि तिच्या काठची गावं, शहरं ते पाणी पितात. म्हणजे माथेरानच्या नळाला उन्हाळ्यात येणारं पाणी माणसाने बांधलेल्या एका तळ्यातून डोंगर उतरून आलं, विजेचं चाक फिरवून नदीला लागलं, आणि पुन्हा वीज खर्च करून दुसऱ्या डोंगरावर चढलं. या वाटेत कुठेही खोट आली, वीज गेली, पाइप फुटला, पंप बसला, की सगळ्यांना शार्लोट आठवतं. एरवी ते पॉइंट असतं.

हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. आत्याच्या वेळी कुणी "लेक बघायला जाऊ" म्हणत नसे. तळं म्हणजे भरलेली पाण्याची टाकी, आणि टाकी कुणी बघायला जात नाही. तिथे पाय धुतले तरी मोठी माणसं ओरडायची. पाइपचं पाणी हुकमी झालं तशी तळ्याकडे बघायची नजर सैल होत गेली. आता यादीत एको पॉइंट, लॉर्ड पॉइंट, शार्लोट लेक असं ओळीने येतं. त्यात वाईट काही नाही. साडेचार हजारांच्या आतलं हे गाव पाहुण्यांवरच जगतं. घोडेवाले, हमाल, चणेवाले, चपलांचे दुकानदार या सगळ्यांच्या चुली त्यावर पेटतात, आणि या तळ्याने त्यातल्या कितीतरी चुलींना हातभार लावला आहे. बघायला मिळणारं पाणी हाही लाभच आहे. पण प्यायच्या पाण्याला जसं सगळे मिळून जपतात, तसं बघायच्या पाण्याला जपत नाहीत. पोहायला मनाई असल्याची पाटी काठावर आहे, इथे पाण्यात उतरून जीव गेले आहेत, तरी भर पावसाळ्यात मुलं कपडे काढून उतरतात. टाकी समजून बघणारा कुणीही त्यात उतरला नसता.

साडेसात झाले असावेत. पहिला घोडा येतो. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्यावर एक लहान मुलगी आहे, लगाम धरून घोडेवाले काका चालताहेत, मागून तिचे आईवडील धापा टाकत येताहेत. मुलगी उतरते, धावत काठाशी जाते आणि विचारते, "बाबा, पाणी कुठे गेलं?"

बाबा म्हणतात, "उन्हाळा आहे ना, बाळा."

काका घोडा झाडाला बांधतात. घोडा तिथेच लीद टाकतो. काका जीनच्या मागे अडकवलेली चपटी पाटी काढतात, लीद भरतात, वाटेच्या बाजूला झाडाखाली टाकून पाल्याने झाकतात. मी त्यांच्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात येतं.

"सगळे नाय उचलत," ते स्वतःहूनच सांगतात. "उचलायला पायजे. आमचीच पोरं हेच पानी पितात."

माथेरानला परवाना असलेले चारशेच्या वर घोडे आहेत. गाड्यांना इथे बंदी, म्हणून माणसांपासून विटांपर्यंत सगळं घोड्यांवर आणि माणसांच्या खांद्यांवर आलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ई-रिक्षा आल्या. हाताने ओढायच्या रिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि माणसाने माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे यात मला तिळमात्र शंका नाही. घोडा मात्र राहणार आहे, आणि घोड्याबरोबर लीद. दिवसभर वाटेवर पडलेली लीद टापांखाली चुरडते, तांबड्या धुळीत मिसळते, आणि मे महिन्याच्या शेवटी वाटेवर घोट्याएवढा मऊ थर होतो. पाय टाकला की भुस्स करून उडतो. तो सगळा थर पावसाची वाट बघत पडलेला असतो.

मुंबईला अशीच दोन तळी शेजारी शेजारी आहेत. विहार १८६० पासून शहराला पाणी पाजतंय आणि आजही पाजतंय. पवई १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलं, पण त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि ते सोडून द्यावं लागलं. शहर तेच, पाऊसही तोच. विहारच्या भोवतीचं रान आज राष्ट्रीय उद्यानात आहे. पवईच्या भोवती शहर चढत गेलं. पवईच्या काठी सुशोभीकरणाची कामं पुष्कळ झाली, दिवे लागले, फरसबंदी झाली. पण तळं काठावर बिघडतच नाही, ते त्याच्याकडे उतरणाऱ्या उतारावर बिघडतं. शार्लोटचं विहार व्हायचं की पवई, हे मला त्या घोड्याच्या वाटेवर ठरताना दिसतं.

गाळ काढा, अशी मागणी दरवर्षी होते, आणि ती रास्तच आहे. पण इथे गाळ काढणं म्हणजे खालच्या गावतळ्यातला गाळ काढणं नव्हे. तिथे पोकलेन येतो, डंपर लागतात, शेतकरी स्वतः येऊन गाळ शेतात नेतात. इथे मोटार येत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. यंत्र वर आणायचं तर परवानग्या हव्यात, आणि आणलं तरी गाळ टाकायचा कुठे? दरीत लोटला तर खालच्या वाडीच्या झऱ्यावर जाईल. झाडांत पसरला तर पुढच्या पावसात पुन्हा तळ्यात येईल. म्हणून आत गेलेला गाळ काढण्यापेक्षा तो आत येऊ न देणं इथे शंभर पटीने सोपं आहे. सोपं आहे, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

"काका, वाटेवरच्या आडव्या चरी कोण साफ करतं?"

ते माझ्याकडे बघतात. "कोनती चर?"

"अहो, ती देवळाच्या वर, वळणावर. दगड आडवे लावलेत ती."

"ती होय! तिला आमी पायरी म्हनतो." ते हसतात. "घोडा अडखळतो तिथं."

मी सांगते. जुन्या लोकांनी उताराच्या वाटांवर ठरावीक अंतराने जांभ्याचे दगड तिरके, ओळीत बसवले आणि त्यांच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर ठेवली. वाटेवरून धावत येणारं पाणी त्या दगडाला अडतं आणि चरीतून बाजूच्या रानात वळतं. रानात पाला असतो, मुळं असतात. पाणी तिथे दम घेतं, माती खाली ठेवतं, आणि झिरपत तळ्याकडे येतं. चर बुजली की दगडावरून उडी मारून पाणी सरळ खाली धावतं, आणि वाटच ओढा होते. मध्यंतरी वाटांना क्लेचे ब्लॉक बसवावेत की मातीच राहू द्यावी यावर मोठा वाद झाला, कोर्टापर्यंत गेला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील, आतल्या वाटांना नाही, असा निकाल त्याच ऑगस्ट २०२५ च्या आदेशात आहे. निकाल मला योग्य वाटतो. पण ब्लॉक असोत नाहीतर माती, वरून आलेलं पाणी बाजूला काढायची सोय नसेल तर ते दोन्हीवरून सारखंच धावणार.

काका ऐकून घेतात. काही बोलत नाहीत. घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहतात.

आणि मग वारा सुटतो.

आधी अंजनीच्या पानांचा वेगळा आवाज येतो. मग तळ्याच्या पाण्यावर काटा उभा राहतो. प्रबळ दिसेनासा झालाय, लॉर्ड पॉइंटकडची झाडी दिसेनाशी होते आहे. घोडा कान टवकारतो. मावशी टोपली पळसाच्या पानांनी झाकून देवळाच्या ओसरीकडे धावते. मुलीची आई ओरडते, "अगं, इकडे ये!" आणि मुलगी दोन्ही हात पसरून काठावरच उभी राहते.

पहिले थेंब एवढे मोठे की धुळीत खड्डे पडतात. मातीचा वास येतो, आणि त्या वासात तबेल्याचाही वास आहे. मिनिटभरात थेंब वेगळे ओळखू येत नाहीत. आम्ही सगळे ओसरीवर. पागोळ्यांच्या पलीकडे तळं, तळ्यात उसळणारं पाणी. मावशी हात जोडते. मुलगी तिला बघून हात जोडते.

मी छत्री उघडून बाहेर पडते. मला वाट बघायची आहे.

वाटेवर पाणी वाहायला लागलं आहे. आधी बोटाएवढे ओहोळ, मग ते एकमेकांत शिरतात. रंग विटकरी. वर फेस, फेसात लिदीच्या काड्या, सुकी पानं, एक चिप्सचं पाकीट, आईस्क्रीमची लाकडी काडी. मी ओहोळात बोट धरते. पाणी कोमट आहे, आणि बोट बाहेर काढलं तर त्याला मऊ पीठ लागलेलं. टापांनी दळलेलं पीठ. वळणापाशी ती आडवी चर आहे. तिच्यात पाणी थांबत नाही. तोंडाशी दोन प्लास्टिकच्या बाटल्या अडकल्या आहेत, त्यांच्यामागे पाला, पाल्यामागे मातीचा बांध. पाणी दगडावरून उडी मारतं आणि देवळाच्या बाजूने थेट तळ्याकडे पळतं.

मी वाकून बाटली ओढते. निघत नाही. छत्री ठेवून दोन्ही हातांनी ओढते. पावसाने पाठ भिजली आहे. मागून चिखलात पावलांचा आवाज येतो. काका आहेत. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात तीच लिदीची पाटी. काही न बोलता ते खाली बसतात, पाटीची धार चरीत घालतात आणि माती बाहेर फेकतात. एक पाटी, दोन, पाच. तळाशी जुना दगड लागतो, ठण्ण आवाज होतो. मी बाटल्या काढते, मग पाला, मग एक चपलेचा पट्टा. चरीचं तोंड मोकळं होताच पाणी गोंधळल्यासारखं फिरतं, एक क्षण तसंच राहतं, आणि वळून रानात शिरतं. दगडाच्या खालच्या अंगाला वाट उघडी पडते. तिच्यावरून आता नुसता पाऊस वाहतोय, वरचा ओढा नाही.

काका उभे राहतात. रानात शिरलेल्या पाण्याकडे बघतात. ते पाल्यात पसरलंय, फेस तिथेच थबकला आहे.

"असं हाय तर," ते म्हणतात.

आम्ही खाली बघतो. तळ्यात दोन ओहोळ उतरताना दिसतात. डावीकडून, पलीकडच्या वाटेने आलेली तांबडी जीभ हिरव्या पाण्यात लांबवर घुसली आहे, आणि तिची कड धुरासारखी पसरते आहे. उजवीकडून, देवळामागच्या रानातून येणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. ते तळ्यात कुठे मिसळतं ते दिसतसुद्धा नाही. बंधाऱ्यावर छत्री धरून ते पाण्यावाले गृहस्थ उभे आहेत. आठवा थर अजून तिथेच आहे. एका सरीने तो बुडत नाही.

मुलगी ओसरीवरून हाक मारते, "काका, घोडा भिजतोय!"

"भिजू दे, पोरी, त्याला आवडतं," काका ओरडून सांगतात. मग पाटी झटकतात, वाटेने वर बघतात, पुढच्या वळणाकडे, जिथे तांबडं पाणी दुसऱ्या दगडावरून उडी मारताना दिसतं आहे.

"तीपन बुजलेली दिसते," ते म्हणतात, आणि चढायला लागतात. मी छत्री तिथेच सोडून त्यांच्या मागे जाते.